विज्ञानाच्या कायद्याची हद्द

संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा २०२३ साली झाला आणि त्यावरचा बहुतेक वाद खुर्चीभोवतीच फिरला. नियामक मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान, विज्ञान आणि शिक्षण खात्यांचे मंत्री उपाध्यक्ष. मग स्वायत्तता उरली कुठे, असा टीकाकारांचा सवाल आहे. सवाल रास्त आहे, पण अपुरा आहे. अमेरिकेत १९४७ साली अशाच संस्थेचे विधेयक अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमक्या उलट कारणासाठी फेटाळले होते. जनतेचा पैसा वाटणाऱ्या संस्थेचा संचालक शास्त्रज्ञांच्या अर्धवेळ मंडळाने नेमायचा आणि निवडून आलेल्या अध्यक्षाचा त्यावर ताबा नसावा, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे मला पटते. सार्वजनिक पैशाचा हिशेब कुणीतरी लोकांना दिलाच पाहिजे. म्हणून खुर्चीपेक्षा मला कायद्याने आखलेली संशोधनाची कक्षा अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ही संस्था सर्व ज्ञानशाखांसाठी कल्पिली होती. सामाजिक शास्त्रे, कला, मानव्यविद्या त्यात बरोबरीने होत्या. ही कल्पना कायद्यात आली तेव्हा गणित, नैसर्गिक विज्ञाने, अभियांत्रिकी, पर्यावरण, आरोग्य, शेती यांना पूर्ण जागा मिळाली. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचा मात्र विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे संबंध येतो तेवढाच भाग आत घेतला गेला. बाकीच्यासाठी वेगळ्या परिषदा आहेतच, असे यावर सांगितले जाते. आहेत. भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद १९६९ साली उभी राहिली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष आणि शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक सदस्य-सचिव होते, हे महाराष्ट्राने विसरू नये. पण ती नोंदणीकृत सोसायटी आहे. संसदेच्या कायद्याने जन्मलेली नाही. शिवाय प्रश्न पैशाचाही आहे. नव्या फाउंडेशनसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा आराखडा मांडला गेला. त्यातले १४,००० कोटी सरकारचे, उरलेले प्रामुख्याने उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे. देणारा आपल्या गरजेचे प्रश्न पुढे करणार, हे स्वाभाविकच आहे. ज्या प्रश्नांना असा धनी नाही, त्यांना आधार कायद्याच्या शब्दांचाच.

अशा प्रश्नासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाचे उदाहरण घ्या. तिथे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, हे विज्ञान झाले. पण शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, हा निर्णय गावाने कसा घेतला आणि इतकी वर्षे कसा पाळला? दुष्काळी मराठवाड्याला पाण्याच्या ताळेबंदाइतकीच या प्रश्नाच्या उत्तराची गरज आहे. त्याला भूजलशास्त्राची पुरवणी मानले, तर तो चुकीच्या पद्धतीने विचारला जाईल.

तरीही कायद्याने दार बंदच केले, असे म्हणणे घाईचे ठरेल. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या १९५०च्या कायद्यात सामाजिक शास्त्रांचे नाव नव्हते. विज्ञानशाखांच्या यादीच्या शेवटी ‘आणि इतर विज्ञाने’ एवढेच होते. त्या शब्दांच्या आधाराने तिथल्या अधिकाऱ्यांनी सामाजिक संशोधनाला आधी थोडा, मग अधिक पैसा दिला, आणि १९६८च्या दुरुस्तीने ते नाव कायद्यात आले. चालत असलेल्या कामाने तिथे कायद्याला आपल्यामागे आणले. आपल्याकडचे शब्द त्याहून तंग आहेत, पण रोग, पाणी, पीक, यंत्र यांपैकी कशाचा विज्ञानाशी संबंध नाही? या संबंधाचा व्यापक अर्थ लावायला संसदेकडे परत जावे लागत नाही. समाजशास्त्रज्ञ किंवा इतिहासकार प्रमुख संशोधक असलेला प्रस्ताव पात्र आहे आणि त्याची छाननी त्याच विषयातले तज्ज्ञ करतील, एवढे फाउंडेशनने आपल्या प्रत्येक योजनेच्या नियमांत स्वच्छ लिहावे. विद्यापीठांनीही नियमांची वाट पाहत न बसता असे प्रस्ताव आत्तापासून पाठवावेत, आणि नाकारले गेले तर कारणे लेखी मागावीत.