संमती कोणाची?

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळा-निळेच्या संगमाजवळ टाटांच्या धरणाचं काम चालू होतं. मुळशी पेट्यातले मावळे शेकड्यांनी येऊन तिथेच बसले आणि काम थांबलं. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. आंबेमोहोराच्या खाचरांसकट ५० हून अधिक गावांवर पाणी येणार होतं.

शेतकरी विरुद्ध भांडवलदार, अशी ही गोष्ट आपण सांगत आलो. पण राजेंद्र व्होरा यांचा मुळशी सत्याग्रहावरचा अभ्यास वाचला की तिसरा माणूस दिसतो : पुण्याचा सावकार. पेट्यातल्या कितीतरी जमिनी कर्जापायी त्याच्या नावावर गेल्या होत्या आणि त्या कसत होती कुळं. १८९४च्या भूसंपादन कायद्याने मोबदला मिळायचा तो कागदावरच्या मालकाला. जमीन म्हणजे सावकाराला रक्कम. ती मनासारखी मिळते म्हटल्यावर त्याचा विरोध मावळला. कुळाजवळ विकायला काही नव्हतं, म्हणून त्याच्याशी सौदा करायची कोणाला गरजही वाटली नाही. १९२१मध्येच माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार मुंबई इलाख्याचं नवं कायदेमंडळ बसलं, पण मताचा हक्क शेतसारा आणि मालमत्ता पाहून दिलेला. डोंगरकपारीतल्या कुळाच्या वाट्याला तो कुठून येणार! कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशी बोला, असं गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून टाटांना विनवलं. धरण झालं. पाणी सह्याद्रीवरून कोकणात भिऱ्याच्या वीजघरात उतरलं आणि वीज मुंबईला गेली.

तिथल्या गिरण्यांना तिची गरज होती, हे मी नाकारत नाही. कोळशाचा धूर कमी झाला, लाखोंच्या पोटापाण्याचा उद्योग चालला. पण त्या गिरण्यांत साच्यावर उभा असलेला कामगारही कोकणातून किंवा घाटावरूनच आलेला. एकाची रोजी दुसऱ्याच्या जमिनीवर उभी राहिली आणि दोघांना समोरासमोर बसवून कोणी काही विचारलं नाही. मुळशीतला मला सर्वांत सलणारा भाग हा आहे.

आज मुळशीतल्याच पिरंगुटच्या नाक्यावर सकाळी उभं राहावं. डबा हातात धरून ठेकेदाराच्या टेम्पोची वाट पाहणारी माणसं दिसतात : मराठवाड्यातली, बिहारची, काही जवळच्याच वाड्यांमधली. भाड्याच्या खोलीत चौघंजण, मागच्या महिन्याची हजेरी लागली की नाही याची चिंता. खोली ज्याची, त्याची शेती गेली असली तरी जागा होती, म्हणून तो घरमालक झाला, क्वचित ठेकेदारही. ग्रामसभेत बसतो तो. टेम्पोतल्या माणसाचं नाव मात्र मतदारयादीत दुसऱ्याच कुठल्यातरी गावाला. म्हणजे जिथे राबायचं तिथे मत नाही आणि जिथे मत आहे तिथे काम नाही. ७ जून २०२१ रोजी जवळच्या उरवड्याच्या रासायनिक कारखान्याला आग लागली, तीत जळून गेलेल्यांत बहुसंख्य बायका होत्या. आपल्या पंचक्रोशीत कोणता कारखाना यावा, त्यात काय साठवावं, हे राबणाऱ्या बाईला आधी कोण विचारतं?

मुळशीतल्याच लवासा या खासगी शहरात तर विचारण्याची जागाच हलवली गेली. २००८मध्ये सरकारने कंपनीला विशेष नियोजन प्राधिकरण केलं. गाव कसं वसावं हे ठरवण्याचा अधिकार निवडून न आलेल्यांकडे गेला आणि २०१७पर्यंत तिथेच राहिला.

२०१३च्या भूसंपादन कायद्याकडे आपण मोठी सुधारणा म्हणून पाहतो आणि ती आहेच. खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. बाधितांच्या व्याख्येत कुळं आहेत, शेतमजूरही आहेत. पण संमती मोजायची वेळ आली की कायदा फक्त दोघांकडे वळतो : ज्यांची जमीन जाते ते, आणि ज्यांना सरकारने जमीन दिलेली आहे ते. बाकीच्यांना पुनर्वसन, होकार-नकार नाही. १९२१मध्ये मुळशीच्या कुळाला जिथे उभं केलं होतं, तिथेच त्याच्या पणतवंडांना कायद्याने पुन्हा उभं केलं आहे, फक्त या वेळी भरपाईची हमी देऊन.

यावर ‘मग एकही प्रकल्प होणार नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की राबणाऱ्यांनी खरोखर विचार करून होकार द्यावा असा प्रकल्प आखताच येत नाही, असं आपण आधीच धरून चाललो आहोत. मला ते मान्य नाही. संमतीच्या कलमात कुळं आणि मजुरांची कुटुंबं घालायला एका दुरुस्तीपलीकडे काही लागत नाही, आणि ती मागणी मुळशीतूनच व्हायला हवी.