जिथे जायचे नाही असे तीर्थ

जपानच्या क्यूशू बेटाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, गेनकाई समुद्रात, ओकिनोशिमा नावाचे एक लहानसे बेट आहे. चार किलोमीटरचा घेर, दाट जंगल, मधोमध सुमारे २४३ मीटर उंचीचा डोंगर आणि त्याच्या उतारावर प्रचंड शिळांच्या आडोशाला एक लाकडी देऊळ. फुकुओका प्रांतातल्या मुनाकाता देवस्थानाच्या तीन देवळांपैकी हे सर्वांत दूरचे. २०१७ च्या जुलैत युनेस्कोने हे बेट आणि त्याच्याशी जोडलेली किनाऱ्याकडची ठिकाणे जागतिक वारसा म्हणून स्वीकारली. असा मान मिळाल्यावर बहुतेक ठिकाणी नवे धक्के बांधले जातात, गाड्यांसाठी जागा केल्या जातात, भक्तांच्या रांगा वाढतात. मुनाकाताने नेमके उलट केले. तोवर वर्षातून एकदा, २७ मे रोजी, सोडतीतून निवडलेल्या सुमारे २०० पुरुषांना बेटावर उतरू दिले जात असे. २०१८ पासून तेही थांबवले. आता तिथे देवस्थानाचा एक पुजारी असतो आणि दर दहा दिवसांनी त्याची पाळी बदलते. जतनाच्या किंवा संशोधनाच्या कामापुरती काही माणसे जातात, तेवढीच. मग प्रश्न पडतो: ज्या देवळात भक्ताने जायचेच नाही, ते देऊळ कशासाठी? माझे उत्तर असे आहे की भक्ताने न जाणे हीच या देवळाची पूजा आहे, ती पूर्ण आहे आणि तिच्यात कसलीही उणीव नाही. मात्र त्यासाठी एक अट पाळावी लागते, आणि ती अट ओकिनोशिमा आजही पुरती पाळत नाही.

आधी बेटाचा इतिहास पाहू. चौथ्या शतकापासून नवव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षे, इथे राज्यसत्तेची पूजा चालली होती. जपानी दरबाराची जहाजे कोरियातल्या राज्यांकडे आणि चीनकडे याच समुद्रातून जात. वाट धोक्याची होती, आणि बेट त्या वाटेवरच होते. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून बेटाच्या देवीला द्यायच्या वस्तू अपूर्व असत: काशाचे आरसे, लोखंडाच्या कांबी, कोरियातल्या सिल्ला राज्याच्या घडणीची सोन्याची अंगठी, सोन्याचा मुलामा दिलेली ड्रॅगनची मुखे, इराणच्या सासानी राज्यातून आलेल्या काचपात्राचे तुकडे. सुरुवातीला ही पूजा मोठमोठ्या खडकांच्या माथ्यावर होई, पुढे खडकांच्या सावलीत आणि शेवटी उघड्या जमिनीवर. नवव्या शतकात चीनला दूत पाठवणे थांबले आणि दरबारी पूजाही ओसरली. एरवी राजाश्रय गेला की देवस्थान ओस पडते, मूर्ती हलतात, दगड दुसऱ्या बांधकामात जातात. इथे सत्ता निघून गेली तरी स्थान टिकले, आणि ते टिकवले किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी, दूर राहून. सुमारे हजार वर्षे या बेटाची भक्ती मुख्यतः न जाणाऱ्यांची भक्ती आहे. पहिली पाचशे वर्षे ज्यांनी बेटावर येऊन वैभव वाहिले त्यांची सत्ता संपली. ज्यांनी समुद्राकडे तोंड करून नुसते हात जोडले त्यांची परंपरा चालू आहे.

या दूर राहण्याचे नियम कडक आहेत. बेटावर जाणाऱ्या कोणीही, पुजाऱ्यानेसुद्धा, आधी विवस्त्र होऊन समुद्रात स्नान करायचे. बेटावर जे पाहिले ते परतल्यावर कोणाला सांगायचे नाही. गवताची काडी किंवा साधा खडासुद्धा बरोबर आणायचा नाही. असे नियम म्हणजे भाबडी भीती, असे कोणी म्हणेल. भीती त्यांच्यात असेलही. पण त्या नियमांनी काय साधले ते मोजता येते. १९५४ ते १९७१ या काळात पुरातत्त्वज्ञांनी तीन टप्प्यांत पाहणी केली, तेव्हा कित्येक वस्तू खडकांच्या आडोशाला जमिनीवर उघड्याच पडलेल्या होत्या, जिथे हजार-दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ठेवल्या तिथेच. सुमारे ८०,००० वस्तू राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदल्या गेल्या. सतराव्या शतकापासून फुकुओकाच्या सरदारांनी बेटावर पहारेकरी ठेवले हे खरे. पण ते समुद्रातून येणाऱ्या परकी जहाजांवर नजर ठेवण्यासाठी होते, आणि तोवर सातशे वर्षे उलटून गेली होती. वादळात सापडलेले किती कोळी त्या आडोशाला आले असतील, त्यांतले किती जण गरिबीने गांजलेले असतील! सोने पायाशी पडलेले असताना ते तिथेच राहू देणाऱ्या लोकांची श्रद्धा मला कोणत्याही महापूजेपेक्षा मोठी वाटते. ती रोजच्या आयुष्यात कसोटीला लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरली.

हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने तपासता येतो, कारण त्याच देवींचे आणखी एक बेट जपानमध्ये आहे. अमातेरासु आणि सुसानोओ यांच्या शपथेतून जन्मलेल्या तीन बहिणी या मुनाकाताच्या देवता. ‘कोजिकी’ आणि ‘निहोन शोकी’ या आठव्या शतकातल्या ग्रंथांत त्यांची कथा आहे. हिरोशिमाजवळच्या इत्सुकुशिमा बेटावर, ज्याला लोक मियाजिमा म्हणतात, पूजा याच तिघींची होते. (त्यांपैकी इचिकिशिमाहिमे पुढे बौद्ध परंपरेतल्या बेंझाइतेनशी एकरूप झाली, आणि बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती.) मियाजिमाचे संपूर्ण बेटच देवरूप मानले जाई, म्हणून त्याच्या मातीवर भार नको या भावनेने देऊळ भरतीच्या पाण्यावर खांबांवर उभारले. ११६८ च्या सुमारास ताइरा नो कियोमोरीने त्याला आजच्यासारखे भव्य रूप दिले. तिथेही दूर राहण्याचा धर्म होता: बेटावर जन्म होऊ द्यायचा नाही, मृत्यू होऊ द्यायचा नाही, प्रेत पुरायचे नाही. आज त्या बेटावर वर्षाला ४० लाखांहून अधिक माणसे येतात आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येकाकडून १०० येन कर घेतला जातो. मियाजिमा सुंदर आहे, तिथे मनापासून हात जोडणारेही पुष्कळ आहेत, त्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण पाण्यावर देऊळ का बांधले, याचे उत्तर आता तिथे आचरणातून मिळत नाही, ते माहितीफलकावर वाचावे लागते. मातीला पाय लागू नये म्हणून ज्यांनी एवढा खटाटोप केला त्यांच्या देवळाभोवती त्याच मातीवर खाण्यापिण्याची दुकाने उभी आहेत. पावित्र्याची कल्पना तिथे नजरेला दिसते आणि ओकिनोशिमाला आचरणात आहे, एवढा फरक एकाच देवींच्या दोन बेटांत पडला आहे.

आता सर्वांत जड आक्षेप. ओकिनोशिमावर स्त्रियांना कधीच जाऊ दिले गेले नाही. वर्षातला तो एक दिवस होता तेव्हाही सोडत पुरुषांचीच होती. कारणे वेगवेगळी सांगतात: रक्ताचा विटाळ, समुद्रप्रवासाचा धोका, विवस्त्र स्नानाची अडचण. यातले एकही कारण विचाराला टिकत नाही. बेटाची अधिष्ठात्री देवी आहे. तिला वाहिलेल्या वस्तूंत विणकामाच्या साधनांच्या इवल्या प्रतिकृती आहेत, सोन्याचा मुलामा दिलेला छोटा मागसुद्धा आहे. म्हणजे वाहणाऱ्यांच्या मनात देवी स्वतः मागावर बसणारी होती. जी देवी स्त्रीच्या हातची साधने स्वीकारते, ती स्त्रीच्या पावलांनी बाटते हे मानायला कोणता आधार आहे? १८७२ मध्ये खुद्द मेइजी सरकारने देवस्थानांतली स्त्रीबंदी उठवण्याचा हुकूम काढला होता, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शिंतो देवळांत स्त्रिया पुजारी होऊ लागल्या. तेव्हा ही बंदी जपानच्या धर्माचे अटळ अंग आहे, असेही म्हणता येत नाही.

मराठी वाचकाला हा आक्षेप अधिक टोचेल, आणि टोचलाच पाहिजे. देवापासून दूर उभे राहणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. चोखोबांना पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकू दिले नाही. त्यांची समाधी महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, १९४७ मध्ये पंढरपूरचे देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, आणि शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना चढता यावे यासाठी २०१६ साल उजाडावे लागले. अशा मातीतल्या माणसाने दुरून केलेल्या पूजेचे कौतुक करणे म्हणजे चोखोबांच्या दुःखाला धर्माचा मुलामा देणे नव्हे काय? हा प्रश्न टाळून माझा युक्तिवाद पुढे जाऊच शकत नाही. माझे उत्तर त्या अटीत आहे. जाण्याचा हक्क असलेला माणूस आपणहून थांबतो तेव्हा तो त्याग असतो. जाणाऱ्याला दुसऱ्याने अडवले तर तो अन्याय असतो, आणि अडवणाऱ्याच्या पदरी त्यातून कोणतेही पुण्य पडत नाही. महाराष्ट्रात ज्यांनी इतरांना बाहेर ठेवले ते स्वतः गाभाऱ्यात बसले होते. त्यांनी काहीच सोडले नव्हते.

या कसोटीला लावले तर २०१८ चा निर्णय दोन्हीकडे झुकतो. ज्या पुरुषांना तोवर सोडतीतून का होईना वाट मोकळी होती त्यांच्यावरच तो आला. यजमानांनी स्वतःच्या हक्कावर घातलेली मर्यादा म्हणून त्याचे मोल मोठे आहे. श्रीमंताला पैसे देऊन, मंत्र्याला ओळख सांगून, परदेशी पाहुण्याला अप्रूप म्हणून तिथे प्रवेश मिळत नाही. आज क्यूशूतला सामान्य पुरुष आणि त्याची बहीण दोघेही त्याच अंतरावरून हात जोडतात. पण स्त्रीबंदीचे कलम रद्द झाले नाही. बेटावरचा पुजारी पुरुषच असतो, कामासाठी जाणारे पुरुषच असतात. म्हणजे पुरुषांसाठी त्याग आणि स्त्रियांसाठी अजूनही अटकाव, अशी आजची स्थिती आहे. हे कलम गेले म्हणून बेटावर गर्दी होणार नाही, कारण इतर कोणी जायचेच नाही हा नियम तसाच राहील. दहा दिवसांच्या पाळीवर कधी एखादी स्त्री पुजारी समुद्रस्नान करून बेटावर चढेल, इतकेच होईल. परंपरेचे यात काही तुटत नाही. उलट, हे दूर राहणे निखळ आहे हे मग कोणालाही मान्य करावे लागेल.

उत्खननाबद्दलही विचारले जाते: खडासुद्धा उचलू नये असे म्हणणाऱ्यांनी ८०,००० वस्तू कशा उचलू दिल्या? हा नियमभंगच होता, असे मला वाटते. मुनाकाता भागात जन्मलेले तेल-उद्योजक इदेमित्सु साझो यांनी देवस्थानाच्या जीर्णोद्धाराला आणि या पाहण्यांना पाठबळ दिले. त्यांची भक्ती खरी होती, तरी नियम मोडला गेला. त्याच नियमभंगामुळे या लेखातला पुरावा मला मिळाला, हेही खरे. वस्तू बाजारात किंवा परदेशी संग्रहात गेल्या नाहीत, किनाऱ्यावरच्या हेत्सु-मिया या त्याच देवस्थानाच्या देवळाशेजारच्या संग्रहालयात आल्या, एवढी मर्यादा राखली गेली. आता पाहण्यासारखे तिथे पाहता येते, त्यामुळे जिज्ञासेच्या नावाखाली बेटावर जाण्याचा दावाही कमजोर झाला आहे. जागतिक वारसा म्हणजे साऱ्या मानवजातीची मालमत्ता, मग मानवजातीला दार बंद का, असाही सवाल काही जण करतात. वारसा जपण्याची जबाबदारी सर्वांची असते; प्रत्येकाने तो तुडवून पाहावा असा त्याचा अर्थ कोणी लावू नये. १९५५ मध्ये कांचनगंगेवर पहिल्यांदा पोहोचलेले ब्रिटिश गिर्यारोहक सिक्कीमला दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या थोडे खाली थांबले. त्यांची चढाई अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही.

उरतो तो भक्ताच्या मनातला आक्षेप, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. प्रेमाला सान्निध्य लागते. भारतीय भक्तीत दर्शन म्हणजे डोळ्यांनी घेतलेली भेट. पंढरीच्या वारीत माणूस शेकडो किलोमीटर चालतो ते पायांवर डोके ठेवण्यासाठी. हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या वारकऱ्याला रांगेत उभे राहणे जमत नाही तो कळसाला नमस्कार करून परत फिरतो, आणि त्याची वारी फुकट गेली असे पंढरपुरात कोणीच मानत नाही. शिंतो परंपरेत हीच सोय मुख्य वाट झाली. किनाऱ्यापासून सुमारे ११ किलोमीटरवरच्या ओशिमा बेटाच्या उत्तर टोकाला खास दुरून पूजा करण्यासाठी बांधलेले छोटे देऊळ आहे. हवा स्वच्छ असली की तिथून जवळजवळ ५० किलोमीटरवरचे ओकिनोशिमा क्षितिजावर दिसते. आणि दरवर्षी १ ऑक्टोबरला मिआरे उत्सवात दूरच्या देवी किनाऱ्यावरच्या बहिणीकडे येतात, त्यांच्या नौकेबरोबर कोळ्यांच्या शेकडो होड्या समुद्रात उतरतात. भक्त जात नाही, देवी येते. सान्निध्याची भूक अशी भागते.

जपानला जाणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्या वाढते आहे, आणि ओकिनोशिमाचे नाव त्यांच्याही कानावर पडेल. कोनोमिनातो बंदरातून ओशिमाला फेरीबोट जाते, प्रवास अर्ध्या तासाच्या आतला आहे. तिथवर जरूर जा. त्यापुढे नेणारी होडी शोधू नका, आणि कोणी नेतो म्हणाला तरी नकार द्या.