हरल्यावरची टाळी



वारकऱ्याच्या घरी दुसरे काही नसले तरी दोन हात असतात आणि त्या हातांची टाळी असते. टाळ हरवला, मृदंगाची शाई गेली, वीणेकरी आजारी पडला, तरी भजन म्हणून अडत नाही. तेव्हा टाळी हा आपल्या घरचाच विषय झाला. आज तिच्याविषयीच बोलायचे आहे; मात्र ही टाळी देवळातली नाही, खेळाच्या मैदानातली आहे.

निमित्त असे झाले. २०२५ च्या चातुर्मासात, पितृपंधरवड्यात, एका गावी माझे निरूपण चालू होते. १४ सप्टेंबरला दुबईत भारत-पाकिस्तानचा क्रिकेटचा सामना. त्या रात्री सभामंडपात बारा माणसे, त्यांतली चार झोपलेली! दुसऱ्या दिवशी मात्र मंडप भरला. सामना आपण जिंकला होता, पण खेळ संपल्यावर आपल्या खेळाडूंनी समोरच्यांशी हात मिळवले नव्हते, आणि गावभर चर्चा होती ती त्याचीच. निरूपण संपताना कॉलेजात शिकणारा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "महाराज, समोरच्या देशाचा खेळाडू खरोखरच चांगला खेळला, तर त्याला टाळी द्यावी की देऊ नये?"

मी तोंड उघडायच्या आत पुढच्या ओळीतले एक म्हातारबा बोलले. चाळीस वाऱ्या पायी केलेला माणूस. "म्हाराज, माझा पोरगा काश्मिरात हाय. एप्रिलात पहलगामला सव्वीस माणसं मारली, त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातली. पोराला काय सांगायचं ते सांगा, पण टाळीचं मला सांगू नका."

मंडप गप्प झाला. मीही गप्प झालो. ज्याचे लेकरू सरहद्दीवर उभे आहे, त्याला घरी बसून शांतीचा उपदेश करणे सोपे असते आणि शोभत मुळीच नाही. मग त्या रात्री जे सुचले ते बोललो. तेच थोडे नीट करून येथे लिहितो.

म्हातारबांचे आधी. निरपराध प्रवाशांना मारणाऱ्याला शासन झालेच पाहिजे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईत १६६ जीव गेले, ते विसरा असे कोणी सांगू नये, आणि सांगितले तर ऐकू नये. भगवंतांनी अर्जुनाला गांडीव खाली ठेवू दिले नाही. सरकारने कोणाशी खेळावे, खेळाडूंनी हात मिळवावा की नाही, हे ठरविणारे दुसरे आहेत. प्रवचनकाराने त्यात तोंड घालण्याचे कारण नाही. आपला प्रश्न तुमच्या-आमच्या अंतःकरणाचा आहे. लढणारा लढतो, पण घरी बसलेल्याने मनात काय बाळगावे?

पांडवांचे पाहा. युद्ध संपले, हस्तिनापूर पांडवांचे झाले. पण राजवाड्यात धृतराष्ट्र होता आणि गांधारी होती, शंभर मुले गेलेली आई. धर्मराजाने आज्ञा केली की या दोघांचे मन दुखेल असे कोणी वागू नये. एक नाही, दोन नाही, पंधरा वर्षे हे चालले. सगळ्यांनी पाळले, एकट्या भीमाला ते जमेना. मित्रमंडळीत बसला की म्हाताऱ्याच्या कानावर जाईल अशा बेताने तो दंड थोपटी आणि सांगे, याच बाहूंनी मी त्या आंधळ्याची पोरे मारली. अखेर धृतराष्ट्राला ते सोसेना. तो गांधारीसह वनात निघाला. आणि त्यांच्याबरोबर कोण निघाले? कुंती! पांडवांची स्वतःची आई. मुलांनी विनवण्या केल्या, पण ती थांबली नाही. पुढे कुंती, तिच्या खांद्यावर डोळे बांधलेल्या गांधारीचा हात, गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा हात, अशी ती तिघे नगराबाहेर पडली असे व्यासांनी वर्णिले आहे. जिंकलेल्यांची आई हरलेल्यांच्या आईला वाट दाखवीत चालली. ही कथा सांगताना मी येथे नेहमी थांबतो, कारण येथून पुढे चटकन शब्द फुटत नाही.

भीमाने रणात मारले तो त्याचा क्षत्रियधर्म. दंड थोपटले ते मात्र रण संपल्यावर, घरात. हाताचे हे दोन आवाज आहेत मायबाप हो, एक दंड थोपटण्याचा आणि एक टाळीचा. दंड थोपटणाऱ्याला समोर कोणीतरी पडलेला लागतो.

आता मैदानात चला. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या तेव्हाची गोष्ट. १९५५ च्या जानेवारीअखेर लाहोरला भारत-पाकिस्तानचा कसोटी सामना झाला. तो पाहायला अमृतसरकडून हजारो माणसे सरहद्द ओलांडून गेली. आठ वर्षांपूर्वी ज्या वाटेने रक्तबंबाळ होऊन आलेली, त्याच वाटेने खेळ पाहायला गेली! त्या दौऱ्यातले पाचही कसोटी सामने अनिर्णित राहिले. क्रिकेटचे जाणकार त्या सामन्यांना रटाळ म्हणतात. मला काही तसे वाटत नाही. आपल्या रिंगणातही अश्व धावतात, पण हरला कोण, असे विचारीत कोणी घरी येत नाही.

पुढे दिवस बदलले. १९९१ साली मुंबईत वानखेडे मैदानाची खेळपट्टी रातोरात खणली गेली. १९९९ च्या जानेवारीत दिल्लीच्या कोटला मैदानाची तीच गत झाली. मग पहिला सामना दिल्लीहून हलवून चेन्नईला नेला. तिथे चौथ्या दिवशी, ३१ जानेवारीला, काय झाले ते पाहा. जिंकायला २७१ धावा हव्या होत्या. आपला सचिन तेंडुलकर पाठ दुखत असताना खेळत राहिला आणि १३६ वर बाद झाला, तेव्हा सतरा धावा उरल्या होत्या आणि तीन गडी. ते तिघेही चार धावांत गेले. बारा धावांनी आपण हरलो. सारे मैदान चिडीचूप. क्षणभर कोणाला काही सुचेना. आणि मग लोक उठून उभे राहिले व टाळ्या वाजवू लागले, जिंकलेल्या पाकिस्तानच्या खेळाडूंसाठी! त्या खेळाडूंनी मैदानाला फेरी घातली, आणि टाळ्या फेरीभर चालू राहिल्या.

हे त्यांना कोणी सांगितले होते? सरकारचे फर्मान नव्हते, कोणा पुढाऱ्याचे आवाहन नव्हते. साधी तिकीट काढून आलेली माणसे होती.

आता कोणी म्हणेल, आपणच टाळ्या वाजवायच्या का? तर तिकडचेही ऐका. १९९७ साली कराचीत आपल्या खेळाडूंवर प्रेक्षकांतून दगड आले होते. त्याच कराचीत १३ मार्च २००४ ला भारताने ३४९ धावा केल्या, पाकिस्तान ३४४ पर्यंत आले आणि अगदी शेवटच्या चेंडूवर हरले. पाच धावा! आणि कराचीकर उभे राहून भारतीय संघाला टाळ्या देत होते. त्याच दौऱ्यात आपली हजारो माणसे लाहोरला गेली. दुकानदार पैसे घेईनात, टांगेवाले-टॅक्सीवाले भाडे घेईनात, ओळख ना देख अशांना लोकांनी घरी मुक्कामाला नेले. परत आलेली माणसे ते सांगताना गहिवरत. पंढरीच्या वाटेवर अनोळखी घरची भाकरी ज्याने खाल्ली आहे, त्याला हे समजावून सांगायला नको.

पण खरे ते सगळे बोलले पाहिजे. चेन्नईच्या टाळीनंतर तीन आठवडे झाले नाहीत तो कोलकात्याच्या मैदानावर दंगा झाला आणि प्रेक्षकांना बाहेर काढून सामना संपवावा लागला. त्याच उन्हाळ्यात कारगिल घडले. लाहोरच्या पाहुणचारानंतर साडेचार वर्षांत मुंबईवर हल्ला झाला. टाळीने तोफ थांबत नाही. मग ती टाळी वाया गेली का? म्हातारबांनी मला हेच विचारले, आणि माझ्यापाशी हिशेबाचे उत्तर नव्हते. एवढेच म्हणालो, की बाबा, नाम घेतल्याने दुष्काळ हटतो असे आपण कधी म्हटले नाही, तरी दुष्काळात नाम सोडले नाही.

हे न सोडणारी एक बाई आपल्यातलीच होती. निर्मलाताई देशपांडे, जन्म नागपूरचा, घर मराठी. विनोबांच्या भूदानात पायी देश हिंडल्या; म्हणजे चालणे हीच साधना. उत्तरवयात त्यांनी दोन्ही देशांतल्या सामान्य माणसांची गाठभेट घडविणे हेच व्रत केले. कारगिलच्या पुढच्याच वर्षी, इकडे लोक नाव घेऊ देत नव्हते तेव्हा, त्या बायकांची बस घेऊन लाहोरला गेल्या. २००८ च्या मे महिन्यात त्या वारल्या. त्यांच्या अस्थींतला काही भाग पाकिस्तानात सिंधू नदीत सोडला गेला.

आता दोन आयांची गोष्ट. हरियाणात पानिपत जिल्ह्यात खंडरा म्हणून गाव आहे. तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा नीरज चोप्रा भाला फेकतो. पाकिस्तानात पंजाबमध्ये मियाँ चन्नूजवळच्या खेड्यात एका गवंडीकाम करणाऱ्या मजुराचा मुलगा, अर्शद नदीम, तोही भाला फेकतो. गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याला स्पर्धांना पाठविला. २०२१ साली टोकियोत नीरजला सुवर्ण मिळाले, तेव्हा अर्शदने नीरजच्या भाल्याशी काही लबाडी केली असा गवगवा झाला. नीरजनेच पुढे होऊन सांगितले, की भाला कोणीही वापरू शकतो, तसा नियम आहे, माझ्या नावाने भलते राजकारण करू नका. २०२४ मध्ये अर्शदपाशी धड भाला नाही, जुन्यावर सराव चालला आहे असे कळले. तेव्हा त्याला भाला मिळाला पाहिजे असे म्हणणाराही नीरजच. ज्याला हरवायचे त्याच्या हातात चांगले हत्यार असावे असे वाटणे, ही थोडी गोष्ट नाही.

त्याच वर्षी ८ ऑगस्टला पॅरिसमध्ये अर्शदने ९२.९७ मीटर भाला फेकला. नीरजचा ८९.४५ वर राहिला. सुवर्ण तिकडे, रौप्य इकडे. पत्रकार खंडऱ्याला नीरजच्या आईकडे धावले. ती म्हणाली, आमचे रौप्यही आम्हाला सोन्यासारखे, आणि ज्याला सोने मिळाले तोही आपलाच मुलगा. तिकडे अर्शदची आईही म्हणाली, की नीरज मला मुलासारखा, त्याच्यासाठीही मी प्रार्थना केली. दोघी एकमेकींना भेटलेल्या नव्हत्या, एकमेकींना विचारून बोलल्या नव्हत्या. आपण ज्ञानोबारायांना माउली का म्हणतो, हे मी इतकी वर्षे ग्रंथ उघडून सांगत आलो. त्या दिवशी ते दोन बायकांनी ओट्यावर उभे राहून सांगितले.

पुढची गोष्ट मात्र लाजेची आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर लोकांना आठवले, की बंगळूरच्या स्पर्धेसाठी नीरजने अर्शदला बोलावणे धाडले होते. ते हल्ल्याच्या आधीच गेले होते, पण ऐकतो कोण? नीरजला शिव्या झाल्या, आणि त्याच्या आईलाही, तिच्या वर्षापूर्वीच्या त्या वाक्यावरून. जे वाक्य ऐकून वर्षापूर्वी डोळे पुसले तेच वाक्य आता गुन्हा ठरले. मायबाप हो, मारेकरी कोण होते आणि शिव्या कोणाला गेल्या! हेच ते दंड थोपटणे. रणात जायचे नाही, आणि घरातल्या म्हातारीला ऐकू जाईल असे बोलायचे.

नाथबाबांनी सोळाव्या शतकात 'हिंदू-तुर्क संवाद' रचला. त्यात दोघे कडाडून भांडतात, एकमेकांच्या आचाराला नावे ठेवतात. नाथांनी कोणाचेही तोंड दाबलेले नाही. मनातले सगळे बाहेर येऊ दिले आहे. आणि अखेरीस त्या दोघांना एकमेकांना नमस्कार करायला लावून आलिंगन घडविले आहे. भांडण नव्हतेच असे नाथ म्हणत नाहीत. ज्ञानोबारायांनीही पसायदानात दुष्टांचा नायनाट मागितला नाही. त्यांच्यातले वाकडेपण जावे एवढे मागितले. वाकडेपण आपल्यातही थोडे आहे, हे धरूनच ते मागणे म्हणायचे असते.

मुलाला मी सांगितले, की खेळ चांगला झाला तर टाळी वाजव, आपण जिंकलो तेव्हा तर वाजवच, पण हरलो तेव्हा जास्त वाजव. म्हातारबांना मी काही सांगितले नाही. ते हरिपाठाला उभे राहिले, नेहमीच्या जागी, टाळ घेऊन.

सकाळी मी एस.टी.साठी निघालो तेव्हा ते फाट्यापर्यंत माझी पिशवी घेऊन आले. पोराचे पत्र नाही, फोन आठवड्याने येतो, पाऊस बरा आहे, असे काहीबाही बोलत होते. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "म्हाराज, त्या भालेवाल्या पोराच्या आईचं गाव कंचं म्हणालात?"

"खंडरा. पानिपत जिल्ह्यातले."

"पानिपत," म्हातारबा म्हणाले, आणि थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आन् त्या दुसरीचं?"

"मियाँ चन्नूच्या जवळ."

त्यांनी ते नाव हळूच दोनदा म्हणून पाहिले, पुढच्या मुक्कामाचे गाव लक्षात ठेवावे तसे, आणि पिशवी माझ्या हातात दिली.