डब्यात न राहिलेले माहितीपट

आनंद पटवर्धन यांच्या बहुतेक माहितीपटांच्या श्रेयनामावलीत निर्माता, दिग्दर्शक, छायालेखक आणि संकलक या जागांवर एकच नाव येते. कथापटाच्या धंद्यात निर्माता पैसा उभा करतो, दिग्दर्शक चित्रपट करतो आणि वितरक तो टॉकीजपर्यंत नेतो. पटवर्धनांनी ही कामे वाटून दिली नाहीत. १९७४ पासूनच्या पन्नास वर्षांत माहितीपट तयार करायला त्यांनी जितके कष्ट घेतले, जवळपास तितकेच तो लोकांना दिसावा यासाठी घेतले. म्हणून त्यांची कारकीर्द समजून घेताना चित्रपटांच्या यादीशेजारी सेन्सॉर, दूरदर्शन आणि न्यायालये यांच्या तारखाही मांडाव्या लागतात.

त्यांनी कामाला सुरुवात केली तेव्हा भारतात माहितीपट म्हणजे सरकारी फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट, असेच समीकरण होते. १९४८ साली सुरू झालेल्या या संस्थेचे वार्तापट आणि अनुबोधपट मुख्य चित्रपटाआधी दाखवण्याची अट टॉकीजच्या परवान्यातच असे. मुंबईतल्या चित्रपटगृहाला जो नियम, तोच भंडारा-तुमसरच्या टॉकीजला. धरणाचे काम, पंचवार्षिक योजना, मंत्र्यांचे दौरे पडद्यावर सरकत असताना प्रेक्षक अंधारात आपापल्या खुर्च्या शोधत. या चित्रपटांना प्रेक्षक आयता मिळे. सरकारला न रुचणारे काही सांगायचे असेल, तर मात्र पैसा, कच्ची फिल्म आणि पडदा, तिन्हींची वानवा होती.

पटवर्धनांचा जन्म १८ फेब्रुवारी १९५० रोजी मुंबईत झाला. घर स्वातंत्र्यचळवळीतले. अहमदनगरचे रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका. अच्युतराव हे १९४२ च्या भूमिगत लढ्यातले एक प्रमुख समाजवादी नेते. आई निर्मला मूळच्या सिंधमधील हैदराबादच्या. त्यांचे शिक्षण शांतिनिकेतनात झाले आणि मातीची भांडी घडवणाऱ्या कलावंत म्हणून पुढे त्यांचे नाव झाले. मुंबई विद्यापीठातून १९७० साली इंग्रजी साहित्याची पदवी घेतल्यावर पटवर्धन शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात गेले आणि १९७२ साली त्यांनी समाजशास्त्राची पदवी मिळवली. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विद्यार्थ्यांचा संताप उसळलेला तो काळ होता. त्या आंदोलनात ते सामील झाले, सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेतही त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम केले. परतल्यावर मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ या ग्रामीण शिक्षणाच्या प्रकल्पात ते दाखल झाले. ते माहितीपटाकडे आले ते या वाटेने. चित्रपटाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेत ते शिकले नव्हते.

१९७४ साली बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले. ४ नोव्हेंबरला पाटण्यात मोठे निदर्शन होणार होते आणि पोलीस बळाचा वापर करतील, अशी चिन्हे होती. त्याचा पुरावा राहावा म्हणून पटवर्धन उसना सुपर-८ कॅमेरा घेऊन तिथे गेले. सुपर-८ ही घरगुती हौसेसाठीची अरुंद फिल्म. तिच्या प्रती काढून गावोगाव दाखवणे शक्य नव्हते. त्यावर त्यांनी साधी युक्ती योजली. चित्रित झालेली फिल्म छोट्या पडद्यावर चालवायची आणि तो पडदाच १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपायचा. प्रतिमा खरबरीत झाली, कडा धुरकट झाल्या, पण प्रती निघू लागल्या. ‘क्रांती की तरंगें’ हा पहिला महत्त्वाचा माहितीपट असा घडला.

तो लोकांपर्यंत पोहोचू लागतो न लागतो तोच जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली आणि चित्रपट भूमिगत झाला. त्याची एक प्रत तुकड्या-तुकड्यांनी देशाबाहेर गेली. पटवर्धन कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात शिकायला गेले. तिथे ते तुकडे पुन्हा जोडण्यात आले आणि आणीबाणीविरोधी सभांतून चित्रपट दाखवला जाऊ लागला. आणीबाणी उठल्यावर परतून त्यांनी १९७८ साली राजकीय कैद्यांवरचा ‘जमीर के बंदी’ पूर्ण केला. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांबरोबरच तिच्या आधी आणि नंतरही विनाचौकशी डांबलेल्यांचा प्रश्न त्यांनी त्यात मांडला. पुढे कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी जिम मन्रो यांच्यासोबत त्यांनी ‘अ टाइम टू राइज’ (१९८१) केला. ब्रिटिश कोलंबियातील शेतांवर राबणारे पंजाबी मजूर आपली युनियन कशी बांधतात, ही त्याची कथा.

‘हमारा शहर’ (१९८५) मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांवर आहे. बुलडोझर, भिजलेला संसार, पोलिसांची गाडी एकीकडे आणि शहर स्वच्छ करण्याच्या गप्पा दुसरीकडे, अशी त्याची मांडणी आहे. त्यात एक प्रसंग असा आहे : झोपडी गमावलेली एक बाई कॅमेरा धरणाऱ्यालाच धारेवर धरते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या हाती काय लागणार, असा तिच्या बोलण्याचा रोख. संकलनात हे दृश्य सहज वगळता आले असते. पटवर्धनांनी ते ठेवले. माहितीपट करणाऱ्याला विचारला जाणारा हा सर्वांत अवघड प्रश्न, आणि त्याचे उत्तर चित्रपटाच्या आत देता येत नाही. १९८६ साली या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा पुरस्कार घ्यायला त्यांनी घर तुटलेल्या एका बाईंना दिल्लीला पाठवले. ते स्वतः त्या वेळी मुंबईत वस्तीच्या बाजूने उपोषणाला बसले होते. त्या उपोषणात शबाना आझमीही होत्या. हाच पुरस्कार त्यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये असहिष्णुतेच्या निषेधार्थ परत केला.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या कामाचा विषय धर्माच्या राजकारणाकडे वळला. भगतसिंगांची स्मृती आणि दहशतवादाने पोळलेला पंजाब यांवरचा ‘उना मित्रां दी याद प्यारी’ १९९० चा. ‘राम के नाम’ (१९९२) १९९० च्या रथयात्रेचा माग काढत अयोध्येला पोहोचतो. त्यात न्यायालयाने नेमलेले रामजन्मभूमीचे पुजारी लालदास यांची मुलाखत आहे. मंदिराच्या नावाने चाललेल्या राजकारणावर हा पुजारी शांतपणे टीका करतो. चित्रपट पूर्ण झाला तेव्हा बाबरी मशीद उभी होती. ६ डिसेंबर १९९२ ला ती पाडली गेली आणि १९९३ साली लालदास यांची हत्या झाली. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ (१९९५) या दोन भागांच्या चित्रपटात धार्मिक हिंसेचा संबंध मर्दानगीच्या कल्पनांशी जोडलेला आहे. त्याच वर्षी सिमंतिनी धुरू यांच्यासोबत केलेला ‘नर्मदा डायरी’ सरदार सरोवराच्या विस्थापितांवरचा आहे.

या चित्रपटांतून न्यायालयीन लढायांची एक मालिका उभी राहिली. त्यामागचा युक्तिवाद सरळ होता. एका सरकारी मंडळाने चित्रपट प्रमाणित केला, दुसऱ्या सरकारी यंत्रणेने त्याला राष्ट्रीय पुरस्कार दिला, मग जनतेच्या पैशावर चालणारे दूरदर्शन तो नाकारते कशाच्या आधारावर? संविधानाच्या कलम १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बोलणाऱ्याच्या हक्काबरोबर ऐकणाऱ्याचा माहिती मिळवण्याचा हक्कही येतो, अशी त्याला जोड होती. मुंबई उच्च न्यायालयाने ‘उना मित्रां दी याद प्यारी’ आणि ‘राम के नाम’ या दोन्हींच्या बाजूने आदेश दिले आणि ते दूरदर्शनवर दाखवले गेले. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’च्या पहिल्या भागाला ‘यू’ आणि दुसऱ्याला ‘ए’ प्रमाणपत्र होते. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चित्रपटातले एखादे दृश्य सुटे काढून त्याची परीक्षा करता येत नाही, तो सलग आणि सर्वसामान्य समंजस प्रेक्षकाच्या नजरेने पाहावा लागतो, ही भूमिका घेत न्यायालयाने २००६ साली निकाल पटवर्धनांच्या बाजूने दिला. चित्रपट तयार होऊन तोवर अकरा वर्षे उलटली होती.

पोखरणच्या १९९८ मधील अणुचाचण्यांनंतर त्यांनी भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिकेत चित्रण करून ‘जंग और अमन’ (२००२) केला. सेन्सॉरने त्यात २१ काटछाटी सुचवल्या. पटवर्धनांनी एकही मान्य केली नाही. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने काटछाटीविना प्रमाणपत्र देण्याचा आदेश दिला आणि पुढच्या वर्षी त्याच चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा माहितीपटकार एकत्र आले आणि त्यांनी ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. एकट्याने चाललेल्या लढाईला आता संघटित रूप आले.

‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा त्यांचा महाराष्ट्राच्या सर्वांत आतला चित्रपट. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण ठार झाले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. डाव्या चळवळीत आयुष्य घालवलेल्या या शाहिराने मरताना डोक्याला निळी पट्टी बांधली होती. ‘हमारा शहर’मध्ये त्यांचाच आवाज होता, त्यामुळे पटवर्धनांसाठी हा मृत्यू बातमीपुरता नव्हता. लाल झेंड्याखाली गाणाऱ्याला शेवटी निळा रंग का जवळचा वाटला, या प्रश्नाचा शोध घेत त्यांनी चौदा वर्षे चित्रण केले. एका बाजूला गोळीबाराचा खटला रेंगाळतो, नेते पक्ष बदलतात. दुसऱ्या बाजूला आंबेडकरी जलशांची परंपरा वस्त्यांतून गात राहते.

या प्रवासात भंडारा जिल्हा येतो तो खैरलांजीमुळे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील या गावात एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलांची हत्या झाली. राज्यभर निदर्शने उसळली ती महिन्याभरानंतर. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागू केली नाहीत. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या कारावासात केले. या जिल्ह्याला आंबेडकरी राजकारणाची जुनी ओळख आहे : १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत स्वतः डॉ. आंबेडकर भंडाऱ्यातून उभे राहिले होते आणि पराभूत झाले होते. रमाबाई नगर महानगरातली वस्ती आणि खैरलांजी धानपट्ट्यातले खेडे. शहरात गेल्याने जात सुटते, ही समजूत आणि गावात कायदा पोहोचला की जात नमते, ही समजूत, दोन्ही या चित्रपटात एकमेकींशेजारी कोसळतात.

सुमारे तीन तासांचा हा चित्रपट मुंबईत सर्वांत आधी भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत, लोकांमध्ये उघड्यावर दाखवण्यात आला. ज्यांची गाणी त्यात आहेत, तेच पहिले प्रेक्षक. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार मिळाला. चित्रपटात गाणाऱ्या पुण्याच्या ‘कबीर कला मंच’च्या कलावंतांवर नक्षलवादाच्या आरोपाखाली कारवाई झाली, तेव्हा त्यांच्या बचावासाठी स्थापन झालेल्या समितीत पटवर्धन होते. ‘हमारा शहर’मधल्या बाईच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर नेहमी असे चित्रपटाबाहेरचे राहिले आहे.

त्यांच्या शैलीत कॅमेऱ्यामागचा आवाज ओळखीचा आहे. रस्त्यावरच्या माणसाला साधा प्रश्न विचारायचा आणि उत्तर संपल्यावरही थोडे थांबायचे. त्या थांबण्यात माणूस पुढचे बोलून जातो. सत्ताधाऱ्याचे भाषण आणि त्याच विषयावरचे मजुराचे वाक्य शेजारी ठेवले की भाष्य वेगळे करावे लागत नाही. हे चित्रपट एकांगी असल्याची टीका होत आली आहे. पटवर्धनांनी तटस्थतेचा दावा कधी केला नाही. आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे ते पडद्यावर दिसू देतात.

‘विवेक’ (२०१८) हा सुमारे चार तासांचा चित्रपट नरेंद्र दाभोलकर, गोविंद पानसरे, एम. एम. कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या हत्यांमागच्या विचारधारेचा शोध घेतो. ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट पूर्ण लांबीचा माहितीपट ठरला. २०१९ साली केरळमधील महोत्सवात केंद्राकडून परवानगी न मिळाल्याने त्याचे प्रदर्शन अडले आणि केरळ उच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच ते होऊ शकले. ‘वसुधैव कुटुम्बकम्’ (२०२३) मध्ये कॅमेरा घराकडे वळतो. आईवडिलांच्या उतारवयात घरगुती म्हणून केलेले चित्रण आणि काकांच्या पिढीच्या आठवणी यांतून स्वातंत्र्यलढ्याची एक कौटुंबिक बाजू उलगडते. इतर चित्रपट लोकांना दाखवण्यासाठी चित्रित झाले आणि अडवले गेले. इथले चित्रण मुळात कोणाला दाखवण्यासाठी नव्हते. तेही त्यांनी घरातल्या कपाटात राहू दिले नाही.