टचअपची बाटली

हातखंब्याला राहायचं म्हणजे बॉनेटवर टवके आलेच. मुंबई-गोवा आणि रत्नागिरी-कोल्हापूर हे दोन्ही महामार्ग इथे भेटतात, आणि पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडणारी खडी कुणाची ओळख ठेवत नाही.

टवका घरीही भरता येतो. गाडीच्या स्टिकरवरचा कलर कोड बघून टचअपची बाटली आणायची. जागा धुऊन सुकवायची, गंज बारीक पॉलिशपेपरने पत्रा चमकेपर्यंत घासायचा, मग प्रायमर, रंगाचे पातळ हात, वर क्लिअर कोट. कोकणच्या खाऱ्या हवेत पत्रा उघडा ठेवणं म्हणजे गंजाला आवतण. इथवर काही प्रश्न नाही.

पण मी गाडी विकायला काढलीय. आता तोच ब्रश वेगळा वाटतो. गंज न घासता वरून रंग फासला, तरी टवका तितकाच छान बुजतो. पत्रा आतून कुजत राहतो, ते नंतर घेणाऱ्याने बघायचं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७ सांगतं, की नुसतं गप्प राहणं सहसा फसवणूक नसते. फसवण्यासाठी माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं मात्र असते. म्हणजे उघडा टवका दाखवून मी गप्प बसू शकतो, रंगवून नाही. गंमतच आहे.

विकण्याआधी गाडी सगळेच धुतात, त्यात गैर काय? काहीच नाही. धुतल्याने पत्रा बदलत नाही. मी एवढंच बघतो: हे कळलं तर समोरचा भाव पाडेल का? पाडणार असेल, तर सांगायचं.

डाव्या दाराखालचा गंज खोल गेलाय. तिथे प्रायमर लावून तसाच ठेवलाय, राखाडी. मित्र म्हणतो, "अरे, बाटली घरात असताना हजारो सोडतोयस!"

हिशेब त्याचा बरोबर आहे.