दिवस मोजणारी माणसे

१७ मार्च १८६५. नागासाकीत ओउरा येथे नव्यानेच बांधलेल्या चर्चच्या दाराशी उराकामी गावातली काही माणसे येऊन उभी राहिली. फ्रेंच धर्मगुरू बर्नार्ड पेतिजाँ यांनी त्यांना आत घेतले. त्यांच्यातली एक बाई जवळ आली आणि म्हणाली, की आम्हा सगळ्यांचे मन तुमच्यासारखेच आहे. मग तिने पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे, ते विचारले.

ते चर्च २६ हुतात्म्यांच्या नावाने उभारलेले होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांना याच शहरात क्रुसावर देण्यात आले. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया त्यांच्यातलेच. पुढे १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू मारले गेले, हाकलले गेले. दोनशेहून अधिक वर्षे उराकामीसारख्या गावांत ना मिस्सा झाली, ना पापनिवेदन. पाच-पाच घरांचे गट करून सरकारने शेजाऱ्याला शेजाऱ्यावर पहारा ठेवायला लावले. येशूच्या किंवा मरियेच्या चित्रावर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे दाखवावे लागे. पाय ठेवून घरी आलेली माणसे पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत.

एवढ्यातून श्रद्धा तगली ती वाटून घेतलेल्या कामांमुळे. गावात एक जण सणांची दिनदर्शिका सांभाळी. प्रत्येक वस्तीत एक जण नव्या बाळांना स्नानसंस्कार देई. तिसरा निरोप्या घरोघर जाऊन सांगे, की अमुक दिवशी उपवास आहे, अमुक दिवशी शेतावर जायचे नाही. ही सगळी शेतकरी, कोळी माणसे. त्यांना कोणी दीक्षा दिलेली नव्हती. लॅटिन-पोर्तुगीज प्रार्थनांचे शब्द तोंडातोंडी झिजून गेले होते, पुष्कळांचा अर्थही हरवला होता. तरी त्या प्रार्थना बापाकडून मुलाकडे जात राहिल्या.

उराकामीच्या लोकांनी पेतिजाँ यांना सांगितले, की सध्या आमचा दुःखाचा काळ चालू आहे, आज सतरावा दिवस. उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार त्या वर्षी १ मार्चला होता. हिशेब बरोबर होता! हे वाचताना मला नेहमी भरून येते. रोमशी पत्रव्यवहार नाही, आणि तरी हे लोक जगभरच्या ख्रिस्तसभेबरोबर त्याच दिवशी उपवासकाळात होते. माझ्या मते त्या दिनदर्शिकेवरच देवाचा हात होता.

वसई-मुंबईत लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीला सात-आठच माणसे आली की आपण खट्टू होतो. पण आजारी शेजाऱ्याचे नाव प्रार्थनेत कोण घेतो, पुढची बैठक कोणाच्या घरी हे सगळ्यांना कोण कळवतो, ही कामे उराकामीच्या निरोप्याच्याच जातीची आहेत. ती लहान आहेत म्हणून देव ती दुसऱ्या कोणावर सोपवत नाही.

उराकामीची खरी परीक्षा पेतिजाँ यांच्या भेटीनंतर झाली. १८६७ पासून धरपकड सुरू झाली, तीन हजारांहून अधिक गावकऱ्यांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केले गेले, आणि सहाशेहून अधिक तिथेच वारले. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले, तेव्हा उरलेले गावी परतले. काही बेटांवरची कुटुंबे मात्र धर्मगुरूंकडे गेलीच नाहीत. पूर्वजांनी शिकवले तसेच, त्याच झिजलेल्या शब्दांत प्रार्थना करत राहिली. कोणी त्यांना भरकटलेले म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. दोनशे वर्षे जो त्यांच्या घरात राहिला, तो १८७३ नंतर तिथून निघून गेला असे मी मानत नाही.