रूपांतर, निष्ठा आणि उत्तरदायित्व

एखादी कलाकृती फसली म्हणजे रसिक हळहळतो. परंतु त्याच्या आवडत्या कृतीचे रूपांतर फसले म्हणजे तो रागावतो आणि विश्वासघात झाल्याची भाषा बोलू लागतो. या दोन प्रतिक्रियांमधील अंतर केवळ तीव्रतेचे नाही. हळहळ ही आस्वादाच्या क्षेत्रातील आहे, तर विश्वासघात ही संज्ञा नीतीच्या क्षेत्रातील. रूपांतरकार नेमके कोणाचे देणे बुडवतो, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा १९८४ पासून एका जपानी साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. १९८६ मध्ये तिच्यावरून ॲनिमे मालिका निघाली आणि पुढे तिचा उत्तरभाग कार्टून नेटवर्कवरून भारतातही पोहोचला. २००९ साली जेम्स वाँग दिग्दर्शित ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’ हा जिवंत नटांचा अमेरिकी चित्रपट आला आणि मालिकेच्या चाहत्यांनी तो जवळजवळ एकमुखाने नाकारला. आपल्या सूचना मानल्या गेल्या नाहीत, असे तोरियामा यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. २०१६ मध्ये तर पटकथाकार बेन रॅम्सी यांनी चाहत्यांची क्षमा मागितली. हे काम आपण प्रेमापोटी नव्हे, तर मोठ्या मोबदल्यासाठी स्वीकारले, अशी त्यांनी कबुली दिली. येथे हक्क रीतसर घेतलेले होते, प्रेक्षकावर सक्ती नव्हती. मग ही क्षमा कोणत्या अपराधाची?

मूळ संहितेपासून ढळणे हाच अपराध, हे पहिले उत्तर. ते टिकत नाही, कारण ‘ड्रॅगन बॉल’ हेच एक अत्यंत स्वैर रूपांतर आहे. ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कादंबरीतील वानरवीर सुन वुखुंग हाच तोरियामांचा सोन गोकू. नावदेखील तेच, केवळ जपानी उच्चारातले. या कादंबरीची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी मुद्रित प्रत १५९२ सालची. तिच्या मुळाशी असलेला ह्युएन त्संग हा यात्रेकरू सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळी, महाराष्ट्रातूनही गेला होता. इतिहासातून दंतकथा, दंतकथेतून कादंबरी आणि कादंबरीतून चित्रकथा असा हा प्रवास आहे. त्यातील प्रत्येक टप्प्यावर प्रचंड मोडतोड झाली, तरीही कोणाला फसवले गेल्याची भावना झाली नाही.

ही कादंबरी चीनमध्ये छापली जात होती त्या काळात दासोपंत (१५५१–१६१५) हयात होते. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई ही त्यांची कर्मभूमी आणि समाधिस्थान. गीतेच्या ७०० श्लोकांवरील त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या परंपरा सव्वा लाख सांगते. पंचीकरणाचा विषय त्यांनी सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर, म्हणजे कापडावर, ओव्या आणि आकृत्यांच्या साहाय्याने मांडला. सातशेचे सव्वा लाख होणे ही शब्दनिष्ठा नव्हे. तरीही मराठी परंपरेने याला गीतेचा अवमान मानले नाही. टीका असे गौरवाचे नाव दिले. विस्तार, भर किंवा माध्यमांतर यांपैकी काहीच मुळात दोषास्पद नाही, असा याचा अर्थ होतो.

मालिकेवर प्रेम करणाऱ्यांचा तिच्यावर हक्क असतो आणि तो डावलला गेला, हे दुसरे उत्तर. तेही अपुरे आहे. १९९३ मध्ये दूरदर्शनने मोगलीची जपानी मालिका हिंदीत दाखवली. अंबाजोगाई, केज किंवा आष्टी येथील ज्या मुलांनी ती पाहिली, त्यांच्यातील फारच थोड्यांनी किपलिंगचे १८९४ चे पुस्तक वाचले असेल. त्यांच्या लेखी मालिका हीच मूळ संहिता होती. २०१६ च्या अमेरिकी चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत शेरखानला पुन्हा नाना पाटेकरांचा आवाज देण्यात आला, तो याच स्मृतीला मान देऊन. ‘मूळ’ हे असे सापेक्ष असेल, तर रसिकाच्या प्रेमाला नकाराधिकार कसा देता येईल? किपलिंगच्या वाचकांना तो असता, तर त्या मुलांचा मोगली जन्मालाच आला नसता.

देणे असते, ते नावाचे. रूपांतरकार दुसऱ्याच्या कृतीचे नाव घेतो, आणि त्या नावाभोवती वर्षानुवर्षे साठलेला विश्वास त्यासोबत घेतो. नाव वेगळे असते तर ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’ हा केवळ एक सुमार चित्रपट ठरला असता. नाव घेणे हे एक वचन आहे: मूळ कृती जे विचारते, त्याला सामोरे जाण्याचे. उत्तर वेगळे असू शकते. प्रश्न मात्र ऐकलेला असला पाहिजे. टीकाकार श्लोकामागून श्लोक घेत जातो, तेव्हा तो हेच वचन पाळत असतो.

या दृष्टीने रॅम्सी यांची कबुली प्रामाणिक असली तरी तिचा रोख काहीसा चुकलेला दिसतो. मोबदल्यासाठी लिहिणे हा अपराध नव्हे. साप्ताहिकाच्या मुदतीत चित्रे पुरवणारे तोरियामाही व्यावसायिकच होते. हेतू ही कलावंताची खाजगी बाब आहे. अवधान मात्र कृतीत दिसते, किंवा दिसत नाही. मालिकेतला गोकू डोंगरात वाढलेला, जगाचे संकेत ठाऊक नसलेला मुलगा आहे. लोकांनी आपल्याला स्वीकारावे, ही इच्छाच त्याला शिवलेली नाही आणि त्याच्या सामर्थ्याइतकाच त्याचा हा निरागसपणा मोहक वाटतो. चित्रपटाने त्याला शाळेत टवाळी सोसणारा, मान्यतेसाठी झुरणारा विद्यार्थी केले. हा बदल धाडसी म्हणता येत नाही, कारण ज्याच्यापासून तो दूर गेला ते त्याने पाहिल्याची खूण कोठेच नाही. असंख्य शालेय चित्रपटांत बसेल असा नायक येथे गोकूचे नाव लावून उभा आहे.

तात्पर्य, चाहत्यांच्या रागात एक समीक्षात्मक निर्णय दडलेला असतो, जरी त्यांच्यापाशी समीक्षेची परिभाषा नसली तरी. मुलांच्या मालिका म्हणून तो राग हसण्यावारी नेणारा समीक्षकही त्या पटकथेचीच चूक करतो: समोरच्या कृतीने काय विचारले, हे न ऐकताच तो तिच्याविषयी बोलतो. रूपांतराकडून ज्या अवधानाची अपेक्षा धरायची, ते या मालिकांना देणे हे मराठी समीक्षेचेही कर्तव्य ठरते.